गरम पाण्यातली कवळी

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास माझ्या सासूबाईंनी एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या दातांवर किटलीभर गरम पाणी ओतलं. वाईट म्हणजे मायेनं ओतलं. रागानं ओतलं असतं तर मला भांडायला तरी बरं पडलं असतं.

आधी सांगते की त्यांचे दात आमच्या घरी काय करत होते. मी कवळ्या करते. दंतवैद्य तोंडाचं माप घेतात, ते माझ्याकडे येतं. मी त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढते, त्यावर कडक गुलाबी पाया बसवते, पायावर मेण चढवते आणि मेणात एकेक दात लावते. वर चौदा, खाली चौदा. ही झाली मेणाची कवळी. ती माणसाच्या तोंडात घालून बघायची. बसली, शोभली, बोलता आलं, तर मग मेण काढून पक्का माल भरायचा आणि कुकरात शिजवायचा. सोळा वर्षं मी हे दुसऱ्याच्या लॅबमध्ये केलं. गेल्या वर्षी मालकाशी भांडण झालं, मी त्याच्या टेबलावर किल्ल्या आपटल्या आणि स्वतःची लॅब काढली. माझ्या रागाला दूरचं दिसत नाही.

लॅब म्हणजे आमचं स्वयंपाकघर. ओट्याच्या डाव्या बाजूला जेवण, उजव्या बाजूला दात, मध्ये एक जाड निळी चिकटपट्टी. पट्टी ओलांडायची नाही असा मी नियम केला होता आणि तो माझ्याशिवाय कुणीही पाळत नव्हतं. एक कुकर दातांचा, एक जेवणाचा. एकदा सासूबाईंनी दातांच्या कुकरात बटाटे उकडले. मी डोक्याला हात लावून बसले, तर नवरा एक बटाटा उजेडात धरून म्हणाला, "पॉलिश मात्र छान आलंय."

नवऱ्याची कंपनी मी लॅब काढली त्याच महिन्यात बंद पडली, म्हणून तोही माझ्याबरोबर कामाला लागला. प्लास्टर ओतणं, घासणं, पोचवणं त्याच्याकडे. त्यानं पहिल्याच आठवड्यात खिडकीत वाळत ठेवलेल्या साच्यांना नावं ठेवली. एक तक्रारखोर काका, एक वहिनी जिचं तोंड मिटत नाही, एक गप्प बसलेला जावई. जेवताना तो त्यांचे आवाज काढायचा. वहिनी माझ्या भाजीला नावं ठेवायची, जावई नुसता हुं म्हणायचा, आणि आमची अकरा वर्षांची मुलगी हसून हसून ताटातच सांडायची. याच मुलीनं एकदा शाळेत आईचा व्यवसाय समजावून सांगायला एक साचा नेला होता. नेला तो नेमका गिऱ्हाइकाचा, आणि तो बाकावरून पडून त्याचे दोन तुकडे झाले. घरी येऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आई, एका आजोबांचा जबडा मोडलाय. पण त्यांना दुखलं नसणार."

असे आम्ही वर्षभर हसत होतो. काम मात्र येत नव्हतं. महिन्याला दोन कवळ्या, कधी तीन, आणि मोडलेल्यांची दुरुस्ती. एवढ्यात चार माणसांचं घर चालत नाही, हे चौघांनाही कळत होतं आणि चौघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

मग नवऱ्याला नोकरी चालून आली. समुद्रापलीकडे, दोन वर्षांसाठी, वर्षातून एकदा घरी यायची रजा. होय की नाही ते बुधवारी साडेपाचच्या आत कळवायचं होतं. ज्या दिवशी ते पत्र आलं त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वहिनी आणि जावई दोघंही बोलले नाहीत. मी म्हटलं, "बुधवारपर्यंत थांब. मला एक संधी दे." तो म्हणाला, "दिली."

संधी होती ती मुख्याध्यापकांच्या तोंडात. आमच्या भागात तीन दवाखाने चालवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. हे मुख्याध्यापक त्यांचे वडील. दोन नावाजलेल्या लॅबनी त्यांच्या कवळ्या करून दिल्या आणि दोन्ही त्यांनी डबीत घालून परत केल्या. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, "बाबांच्या तोंडात तुमची कवळी टिकली, तर तिन्ही दवाखान्यांचं काम तुमचं. बुधवारी चार वाजता मेणाची घेऊन या. गुरुवारी ते माझ्या भावाकडे जातात, सहा महिन्यांसाठी; पक्की मग तिकडे पाठवू." तीन दवाखान्यांचं काम एकट्या बाईच्यानं होत नाही, त्याला दोन माणसं लागतात. म्हणजे कवळी बसली की नवरा घरी राहणार. नाही बसली तर तो जाणार, आणि मी लॅब बंद करून, नाक मुठीत धरून जुन्या मालकाकडे जाणार. इतका साधा हिशोब होता.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. मंगळवारी दुपारी अठ्ठाविसावा दात बसला. मी फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवले, त्यांनी उलट "सुंदर" एवढंच लिहिलं, आणि तो एक शब्द मी नवऱ्याला तीनदा दाखवला. बुधवारी सकाळी मेण घट्ट राहावं म्हणून दोन्ही कवळ्या गार पाण्याच्या भांड्यात ठेवल्या, मुलीला शाळेत धाडलं आणि अंघोळीला गेले.

केस पुसत बाहेर आले तर सासूबाई सिंकपाशी उभ्या होत्या. एका हातात किटली, दुसऱ्या हातात रिकामं भांडं. सिंकच्या तळाशी गुलाबी चिखल आणि त्यात विखुरलेले दात.

"काय केलंत?"

"गार पाण्यात होती गं कवळी," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाच्या हिरड्यांना गारठा सोसत नाही. तुला नाही कळायचं ते, तुझे सगळे शाबूत आहेत. मी गार पाणी ओतून दिलं आणि जरा गरम घातलं. तर ती विरघळायलाच लागली. घाबरून सगळं सिंकमध्ये ओतलं."

"आई, ती मेणाची आहे!"

"माझी नाही विरघळत," त्या म्हणाल्या.

त्यांची कशी विरघळेल? त्यांची पक्की होती, अकरा वर्षांपूर्वी मीच करून दिलेली. त्या रोज झोपताना ती कोमट पाण्यात ठेवतात आणि सकाळी कुणीतरी तसंच कोमट पाणी बदलून दिलं की खूश होतात. त्यांनी परक्या म्हाताऱ्यासाठी तेच केलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी ओरडले.

"तुम्ही मदत करू नका! वर्षभर मी एवढं एकच मागतेय. ती पट्टी कशासाठी लावलीय? आज तुमचा मुलगा घर सोडून गेला ना, तर तो तुमच्या हातानं गेला असं समजा."

सासूबाईंनी किटली ओट्यावर ठेवली, स्वतःच्या तोंडातली कवळी काढली, पेल्यात टाकली आणि खोलीत जाऊन बसल्या. घरात सगळ्यांना ही खूण माहीत आहे. कवळी बाहेर आली की बोलणं बंद आणि जेवणही बंद. एरवी नवरा त्या पेल्यासमोर उभा राहून कवळीशीच बोलणी करायचा, "आईसाहेब कधीपर्यंत रागावणार, काही कल्पना?" आणि आतून हसू फुटायचं.

त्या दिवशी आरडाओरडा ऐकून तो आला, सिंकमध्ये बघितलं आणि नुसता उभा राहिला. तो काय बोलतो याची मी वाट बघत होते. त्यानं फक्त बाह्या सरसावल्या.

गुलाबी पाये कडक असल्यामुळे वाचले होते. मी दात वेचले, धुतले, फडक्यावर मांडले. सत्तावीस. पुन्हा मोजले. पुन्हा सत्तावीस. खालच्या डाव्या बाजूचा एक नाहीसा झाला होता. या रंगाचा, या मापाचा संच मागवायला चार दिवस लागतात.

नवरा पाना घेऊन सिंकखाली शिरला. पाइपचं वळण सोडवलं, बादलीत उलटं केलं आणि हातानं चाळलं. दात निघाला. त्याच्याबरोबर माझं तीन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलंही निघालं, ज्याच्यावरून मी तेव्हा दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. एरवी या कानातल्यावर त्यानं महिनाभर काढला असता. आता त्यानं दात माझ्या तळहातावर ठेवला, कानातलं फळीवर ठेवलं आणि हात धुतले.

"मेण किती आहे?" त्यानं विचारलं.

"अर्धा तुकडा. पुरणार नाही."

"घेऊन येतो."

मेणाचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. जाऊन यायला वीस मिनिटं लागतात. मी तो दात तीनदा साबणानं आणि एकदा औषधानं धुतला. मग साचे यंत्रात बसवले. हे पितळेचं, बिजागरीसारखं उघडझाप करणारं यंत्र असतं, त्यात वरचा आणि खालचा जबडा समोरासमोर बसतो. आम्ही त्याला मगर म्हणतो. बर्नर पेटवला, उरलेलं मेण वितळवलं आणि पहिला दात उचलला. पुढचा वरचा दात सरळ उभा राहीना. लावला, काढला, लावला, काढला. साडेदहा झाले आणि माझे दोनच दात लागलेले. मेण घेऊन नवरा अजून आला नव्हता. मला रडू यायला लागलं आणि रडण्याचाही राग यायला लागला, कारण डोळ्यांत पाणी असताना दात लावता येत नाही.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन मगर घट्ट धरली. सासूबाई होत्या. तोंड रिकाम्या पिशवीसारखं आत गेलेलं, ओठ मिटलेले. त्यांनी यंत्र दोन्ही हातांनी ओट्यावर दाबून धरलं आणि मानेनंच मला खुणावलं, लाव. मी लावला. सरळ बसला. दुसरा लावला. त्या हलल्या नाहीत.

सातव्या दाताला त्या बोलल्या. कवळी नसताना त्यांचं बोलणं भिजलेल्या कागदासारखं मऊ होतं, पण शब्द सगळे समजले.

"त्याला जाऊ देऊ नकोस."

"म्हणूनच हे करतेय ना, आई."

"मी मुद्दाम नाही गं केलं."

"माहीत आहे," मी म्हटलं. माफ करा म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "जरा डावीकडे धरा."

नवरा आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. "दुकानात गर्दी होती," तो मेणाची खोकी ठेवत म्हणाला. बुधवारी सकाळी कवळीच्या मेणाला कशी गर्दी असेल? पण मला डोकं वर करायला सवड नव्हती. त्यानं दुसरा बर्नर पेटवला आणि मला पातळ मेण करून देत राहिला. तिघं एका ओट्यावर, खांद्याला खांदा. खिडकीतून वहिनी आणि तक्रारखोर काका आमच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी हा त्यांचा आवाज काढेल. अडीच वाजता मी अठ्ठाविसावा दात लावला. मेण तीन ठिकाणी ढगाळ झालं होतं, एके जागी बारीक बुडबुडे होते. गुळगुळीत करायला वेळ नव्हता. बर्फाच्या डब्यात कवळ्या घातल्या.

"तू येतोयस ना?"

"तू जा. मी पोरीला शाळेतून आणतो," तो म्हणाला. मग दारापर्यंत आला आणि माझ्या बाहीला चिकटलेला मेणाचा तुकडा नखानं काढला.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, स्वच्छ, पांढरा. खुर्चीत मुख्याध्यापक बसले होते. उंच, ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेली. त्यांच्या मांडीवर एक छोटी वही आणि पेन्सिल होती. मी नमस्कार केला तर त्यांनी वहीत लिहून पान माझ्यापुढे धरलं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "नमस्कार. बसा."

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "आठ महिने ते बोलत नाहीत. त्यांच्या शाळेनं सत्कार केला होता. भाषणाला उभे राहिले, पहिल्या वाक्याला वरची कवळी सटकून माइकवर पडली. सभागृहात पाचशे माजी विद्यार्थी. तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडत नाहीत."

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना दात करून देत होते, आणि माणूस तोंडच उघडायला तयार नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी खालची बसवली, वरची बसवली. आत गेलेले गाल वर आले. "बाबा, आता एकसष्टपासून मोजा." कवळी तपासायची हीच रीत आहे. साठीतल्या आकड्यांतला 'स' म्हणताना वरचे-खालचे दात अगदी जवळ येतात, ढिली कवळी लगेच खुळखुळते.

मुख्याध्यापकांनी मान हलवली. वहीत लिहिलं, "पडेल."

"नाही पडणार, बाबा."

त्यांनी "पडेल" या शब्दाखाली एक रेघ ओढली.

पाच मिनिटं डॉक्टरीणबाई समजावत होत्या. ते ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे बघत होते. शेवटी त्यांनी दोन्ही कवळ्या काढल्या आणि बशीत ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी वरची उचलून दिव्याखाली धरली. मग माझ्याकडे बघितलं.

"हे मेण पुन्हा वितळवलंय का? मंगळवारच्या फोटोत असे बुडबुडे नव्हते."

खोटं बोलता आलं असतं. गाडीत ऊन लागलं, डबा कलंडला, शंभर कारणं आहेत. पण माझ्या अंगात खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. सगळं हातचं गेलंच आहे तर निदान खरं सांगावं, असं वाटलं.

"माझ्या सासूबाईंनी सकाळी त्यांच्यावर किटलीभर गरम पाणी ओतलं," मी म्हटलं.

"का?"

"हिरड्यांना गारठा लागू नये म्हणून. तुमच्या बाबांच्या."

मुख्याध्यापकांनी भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे वळवली.

मग मी थांबलेच नाही. कशा त्या भांडं घेऊन उभ्या होत्या, कशा म्हणाल्या, "माझी नाही विरघळत." मी कशी ओरडले, त्यांनी कसे दात काढून पेल्यात टाकले आणि बोलणं बंद केलं. राग आला की लोक दार आपटतात, तसं आमच्याकडे हे. मग बटाट्यांचं पॉलिश सांगितलं. मुलीनं शाळेत फोडलेला जबडा सांगितला. सांगताना माझ्या कानाला कळत होतं की हा आवाज माझा नाही, नवऱ्याचा आहे. तो जसा थांबतो तशीच मी थांबत होते, तो जसा सासूबाईंचा हेल काढतो तसाच मी काढत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड मात्र चाललं होतं. एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी ऐकण्याच्या नादात, बहुधा आपण काय करतोय ते न कळता, कवळ्या पुन्हा वडिलांच्या तोंडात बसवल्या, आणि त्यांनीही ऐकता ऐकता तोंड उघडलं.

"आणि मग," मी म्हटलं, "त्याच सासूबाई येऊन मगर धरून उभ्या राहिल्या. तोंडात दात नाहीत, माझ्याशी बोलणं नाही, आणि तुमचे दात लावतायत."

मुख्याध्यापकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, ठसका लागला. पण ते हसत होते. आधी नाकातल्या नाकात, मग तोंड उघडून, मग डोकं मागे टाकून. मध्येच त्यांचा हात सवयीनं हनुवटीखाली गेला, पडणारी कवळी झेलायला. हात तसाच राहिला. काही पडलं नाही. ते पुन्हा हसले. पुन्हा काही पडलं नाही. त्यांनी हात हळूच खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"सासूबाईंना सांगा," ते म्हणाले. आवाज गंजलेला होता, पण प्रत्येक अक्षर स्वच्छ. "पाणी बेताचं गरम होतं."

मग कुणी न सांगता एकसष्ट, बासष्ट असं करत सत्तरपर्यंत गेले, वर्गात हजेरी घ्यावी तसे. एकही आकडा खुळखुळला नाही. डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या होऊन हातमोजे काढत होत्या, आणि त्या दोन हातमोज्यांना फार वेळ लागला. पाइपमधून काढलेल्या दाताबद्दल मी बोलले नव्हते. तो आता डाव्या बाजूला नीट बसून त्रेसष्ट, चौसष्ट म्हणत होता.

"सोमवारपासून तिन्हीकडचं काम पाठवते," डॉक्टरीणबाई जिन्यापर्यंत आल्या. "झेपेल ना एकटीला?"

"एकटी कुठे?" मी म्हटलं. "आम्ही दोघं आहोत."

घरी पोचले तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. मी तीन मजले धावत चढले. मुलगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती, सासूबाई तिच्याजवळ. नवरा स्वयंपाकघरात सिंकखालचा पाइप पुन्हा घट्ट करत होता. मी दार लोटून घेतलं आणि ओट्याला टेकून त्याला सगळं सांगितलं. वही, माइक, "पडेल" खालची रेघ, हनुवटीखालचा हात. तो हसायच्या जागी बरोबर हसला. "पाणी बेताचं गरम होतं" ऐकून तर जमिनीवरच बसला.

"सोमवारपासून," मी म्हटलं. "तिन्ही. आता कळव त्यांना, नाही येत म्हणून."

तो पाना फडक्यानं पुसत राहिला.

"मी त्यांना हो कळवलंय."

"कधी?" मी विचारलं, जणू वेळ कळली की फरक पडणार होता.

"सकाळी. मेण आणायला गेलो तेव्हा."

"मी इथे एकेक दात लावत होते आणि तू रस्त्यात उभा राहून हो म्हणालास? मी बुधवारपर्यंत थांब म्हटलं होतं. संध्याकाळपर्यंत म्हटलं होतं!"

"सिंकमध्ये बघितलं मी. वाटलं, संपलं."

"नाही संपलं. संपलं का? बसलेत ना दात?" मी ओट्यावरचा त्याचा फोन उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "वीस मिनिटं आहेत. कळव. चूक झाली म्हण."

त्यानं फोन घेतला नाही.

"कळवता येईल," तो म्हणाला. "तेव्हाच विचारून घेतलंय. साडेपाचपर्यंत बदलता येतं."

"मग?"

त्यानं पाना ओट्यावर ठेवला. इतकं गंभीर मी त्याला त्याच्या वडिलांच्या आजारपणातही बघितलं नव्हतं.

"हो म्हटलं आणि दुकानाच्या पायरीवर बसलो. अर्धा तास बसलो. किती दिवसांनी नीट श्वास घेता आला मला. रोज डोळे उघडले की मी पहिलं काय शोधतो, माहीत आहे? आज काय बोललं म्हणजे तुम्ही तिघी हसाल. वर्ष झालं. वहिनी काय म्हणेल, काका काय म्हणतील. मला आता काही सापडत नाही गं."

"मी कधी म्हटलं की हसव म्हणून?"

"नाही म्हणालीस. पण हसवलं नाही की तुझा चेहरा बघवत नव्हता."

मला ती मगर उचलून भिंतीवर फेकावीशी वाटली. मग वाटलं, त्याच्याजवळ जमिनीवर बसावं. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. एवढा मोठा आवाज करणारी बाई मी, पण त्या क्षणी मला त्याला थांब म्हणता येईना. नको जाऊ, असं म्हटलं असतं तर तो राहिला असता, याची मला खात्री होती. म्हणूनच म्हणता येईना. मी फोन ओट्यावर पालथा ठेवला. त्यानं ते बघितलं. बाहेर कुणाच्या तरी मोटारीचा भोंगा अडकला होता आणि बराच वेळ वाजत होता. तो थांबला तेव्हा साडेपाच होऊन गेले होते.

दार ढकलून मुलगी आत आली. मागे सासूबाई. त्यांनी कवळी परत घातली होती.

"आई, काम मिळालं?"

"मिळालं."

"किती?"

"तिन्ही दवाखान्यांचं."

ती जागच्या जागी दोनदा उडी मारून बापाच्या गळ्यात पडली. "म्हणजे बाबा नाही जाणार! हो ना? बाबा, सांग ना आजीला."

सासूबाई दारात हसत उभ्या होत्या. दोघीही त्याच्याकडे बघत होत्या, तो आता काहीतरी बोलेल म्हणून. त्यानं तोंड उघडलं. त्याची नजर खिडकीतल्या साच्यांकडे गेली, आणि मला कळलं, हा अजूनही शोधतोय. या घटकेलासुद्धा हा आम्हाला हसवायला काहीतरी शोधतोय.

"बाबा जाणार आहे," मी म्हटलं. "मीच जा म्हटलंय."